मेरोपेनेम दर आठ तासांनी की बारा? मूत्रपिंडाच्या संसर्गाचा एक प्रकरण अभ्यास

अँटिबायोटिकची चर्चा सुरू झाली की ती नावापाशी येऊन थांबते. कोणतं दिलं, ते जोरकस होतं का, रिपोर्टमध्ये ते लागू पडतंय का. किती दिलं, किती तासांनी दिलं, संसर्ग ज्या जागी आहे तिथपर्यंत ते पोचतं का आणि थांबवलं कधी, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढचं प्रकरण या प्रश्नांसाठीच जुळवलं आहे. रुग्ण शिकवण्यासाठी रचलेली आहे. औषधांचे गुणधर्म, हिशोब आणि वाटेत घ्यावे लागलेले निर्णय मात्र खऱ्या वॉर्डातले आहेत. यातली मात्रा या बाईंच्या वयाची, वजनाची आणि त्या दिवशीच्या किडनीची आहे. ती उचलून दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. का देता येणार नाही, ते पुढे येईलच.

आल्या वेळची स्थिती

वय ६८, वजन ५६ किलो. जुना मधुमेह आणि रक्तदाब. रोजच्या गोळ्या साखरेसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सकाळी कॅल्शियम. पाच दिवसांपूर्वी लघवीला जळजळ सुरू झाली. घरात कुणाच्या तरी आधीच्या दुखण्यातल्या सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या उरलेल्या होत्या. त्यांनी रोज सकाळी एक अशा दोन गोळ्या घेतल्या, थोडं बरं वाटलं म्हणून थांबवल्या. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत मागच्या बाजूला दुखू लागलं, दोन उलट्या झाल्या. संध्याकाळी दवाखान्यात आणलं तेव्हा ताप १०२.४, नाडी ११६, श्वास मिनिटाला २२, रक्तदाब ९८/६०. एरवी त्यांचा वरचा आकडा १४० च्या आसपास असतो, त्यामुळे ९८ हा त्यांच्यासाठी चांगलाच खाली होता. उजव्या बरगडीखाली पाठीवर हलकं थोपटलं तरी त्या कळवळत होत्या.

रक्तात पांढऱ्या पेशी १७,८००, साखर २८६, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) १.६, पोटॅशियम ५.१, लॅक्टेट २.१. लघवीत भरपूर पू-पेशी.

त्या दोन सिप्रो गोळ्यांपाशी जरा थांबू. मूत्रपिंडाच्या संसर्गात सिप्रोफ्लॉक्सासिन तोंडावाटे द्यायचं ठरलं तर नेहमीची मात्रा ५०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी असते. बाईंनी घेतली त्याच्या निम्मी. शिवाय ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांच्याशी हे औषध आतड्यात बांधलं जातं आणि रक्तात उतरतं ते फार थोडं. म्हणून सिप्रो अशा गोळ्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं लागतं. म्हणजे जंतू सिप्रोला दाद देणारा असता तरीही औषध पुरेसं पोचलंच नसतं. वर ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर सिप्रोने साखर एकदम खाली जाऊ शकते. घरातली उरलेली गोळी हा फुकटचा उपचार वाटतो. त्यात निदान नव्हतं, मात्रा नव्हती, वेळ नव्हती आणि सोबतच्या औषधांचा विचार नव्हता. मग उपचार म्हणण्यासारखं काय उरलं?

पहिला तास

निदान सरळ होतं: मूत्रपिंडापर्यंत चढलेला संसर्ग, आणि त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर दिसू लागलेला. रक्ताचे कल्चर, म्हणजे नमुन्यात कोणता जंतू वाढतो ते बघायची तपासणी, दोन वेगवेगळ्या जागांवरून घेतले, लघवीचं कल्चर घेतलं, सलाईन सुरू केलं. कल्चर पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं, पण कल्चरसाठी डोस अडवून ठेवायचा नाही, असा हा क्रम आहे. टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तिथेच थांबवली. रक्तदाब खाली आणि क्रिएटिनिन वर असताना दोन्ही नकोत.

मग कोणतं अँटिबायोटिक? अशा रुग्णाला अनेक ठिकाणी सेफ्ट्रायॅक्सोन सुरू झालं असतं आणि बऱ्याचदा ते बरोबरही ठरलं असतं. इथे निर्णय बदलला तो सुनेने बरोबर आणलेल्या फाईलमुळे. पाच महिन्यांपूर्वीच्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू वाढला होता आणि सेफ्ट्रायॅक्सोनसमोर रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा, असं लिहिलं होतं. पुढच्या संसर्गातला जंतू कशाला दाद देणार नाही, याचा जवळपास सर्वांत चांगला अंदाज त्याच रुग्णाच्या अलीकडच्या जुन्या कल्चरवरून येतो. रुग्ण अस्थिर होती आणि चुकीच्या अंदाजाची किंमत मोठी होती. म्हणून मेरोपेनेम.

मेरोपेनेम हे सहज हातात घ्यायचं औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांची तीन गटांत विभागणी केली आहे: पहिल्या पसंतीची ॲक्सेस, जपून वापरायची वॉच आणि शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची रिझर्व्ह. मेरोपेनेम वॉच गटात येतं. २०३० पर्यंत जगातल्या एकूण मानवी वापरापैकी किमान ७० टक्के वापर ॲक्सेस गटातला असावा, असं लक्ष्य २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत मान्य झालं. जुना रिपोर्ट हाताशी नसता आणि रक्तदाब ठीक असता, तर मी मेरोपेनेमने सुरुवात करणं योग्य मानलं नसतं. इथे कारण होतं आणि ते केसपेपरवर लिहिलं गेलं. हे लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन दिवसांनी औषध बदलायचं की नाही हे ठरवणारा डॉक्टर बहुधा दुसराच असतो.

फाईलवर लाल शाईत आणखी एक ओळ होती: पेनिसिलिनची ॲलर्जी. विचारल्यावर कळलं की काही वर्षांपूर्वी अमॉक्सिसिलिन घेताना जुलाब झाले होते. अंगावर पित्त नाही, सूज नाही, दम नाही. हा दुष्परिणाम झाला, ॲलर्जी नव्हे. खरी ॲलर्जी असती तरी मेरोपेनेमशी तिचा संबंध येण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. ती ओळ खोडून, खरं काय घडलं ते तिथे लिहिलं.

पहिला डोस १ ग्रॅम, संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी.

आठ तासांनी की बारा?

पुढचा डोस कधी, यावरून त्या रात्री वाद झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे.

निवासी डॉक्टरने हिशोब मांडला. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. ७२ गुणिले ५६ गुणिले ०.८५ भागिले ११५.२, उत्तर मिनिटाला जवळपास ३० मिलिलीटर. हा क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने साफ करते त्याचा अंदाज. मेरोपेनेमच्या माहितीपत्रकात २६ ते ५० या पट्ट्यात १ ग्रॅम दर बारा तासांनी असं लिहिलेलं आहे. ५० च्या वर असेल तर दर आठ तासांनी. म्हणून त्याने बारा तासांनी लिहिलं. गणित अचूक होतं. पण गणितात घातलेली संख्या त्या रात्री त्या गणितासाठी योग्य नव्हती.

हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून चालतं. या बाईंचं १.६ हे स्थिर नव्हतं. पाच महिन्यांपूर्वीच्या फाईलमध्ये ते ०.९ होतं. उलट्या, ताप, खाली गेलेला रक्तदाब आणि सोबत टेल्मिसार्टन, यामुळे किडनीवर एकाएकी ताण आला होता. असा ताण सलाईन आणि उपचारांनी पुष्कळ रुग्णांमध्ये पहिल्या दोन दिवसांत उतरतो. म्हणजे आज क्रिएटिनिन १.६ आहे म्हणून मात्रा कमी केली, तर उद्या किडनी पूर्ववत होईल, औषध वेगाने बाहेर पडेल आणि मात्रा मात्र कमीच राहील. जंतू सर्वांत जास्त असतात ते याच दोन दिवसांत.

त्यात आणखी एक भर. अशा आजारात रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि आपणही लीटरांनी सलाईन देतो. बीटा-लॅक्टम गटातली औषधं, म्हणजे पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेम ज्यातलं आहे ते कार्बापेनेम, ही पाण्यात विरघळणारी. शरीरातलं पाणी वाढलं की तीही पसरतात आणि रक्तातलं प्रमाण उतरतं. म्हणून पहिला डोस किडनीकडे बघून कधीच कमी करायचा नसतो. पहिल्या डोसनंतरची पातळी औषध किती जागेत पसरतं यावर ठरते. किडनी ठरवते ती पुढच्या डोसांमधलं अंतर.

बीटा-लॅक्टम जंतू कसे मारतं, हेही इथे लक्षात घ्यावं लागतं. जंतूची वाढ रोखायला लागणारं किमान प्रमाण, ज्याला एमआयसी म्हणतात, त्याच्या वर रक्तातली पातळी किती वेळ राहते यावर या गटाचा परिणाम अवलंबून असतो. कार्बापेनेमसाठी दोन डोसांमधल्या वेळेपैकी साधारण ४० टक्के वेळ पुरतो, सेफॅलोस्पोरिनना ६० ते ७० टक्के लागतो. पातळी चौपट केली म्हणून जंतू चौपट वेगाने मरत नाहीत. अमिकासिन, जेंटामायसिन यांचं उलट: त्यांचा सर्वोच्च बिंदू एमआयसीच्या आठ-दहा पट गेला पाहिजे, म्हणून ती दिवसातून एकदाच पण भरपूर देतात. किडनी ठीक असताना मेरोपेनेमचं रक्तातलं प्रमाण सुमारे एका तासात निम्मं होतं. एवढ्या लवकर उतरणाऱ्या औषधात दोन डोसांमधलं अंतर हीच खरी मात्रा असते.

वरिष्ठांनी आठ तास कायम ठेवले आणि ४८ तासांनी पुन्हा हिशोब करायचा असं लिहिलं. मला हा निर्णय पटतो, आणि त्यावरचा आक्षेपही प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. क्लिअरन्स खरोखर ३० असेल तर औषध शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि जंतूची एमआयसी खाली असेल तर बारा तासांचं अंतरही पुरलं असतं. पण एमआयसी त्या रात्री कुणालाच माहीत नव्हती. आणि मेरोपेनेम दोन दिवस थोडं जास्त झालं तर सहसा निभावतं. झटक्यांचा धोका असतो, म्हणून आधी फिटचा आजार आहे का आणि त्यावरचं व्हॅल्प्रोएट चालू आहे का हे विचारलं गेलं. व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी मेरोपेनेममुळे कोसळते, त्यामुळे हा प्रश्न कधी वगळू नये.

हीच सूट सगळ्या औषधांना देता येत नाही. अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन यांचा जास्तीचा डोस किडनीलाच इजा करतो. सेफेपिम किडनी मंद असताना साठलं तर रुग्ण गोंधळतो, गुंगीत जातो. तिथे पहिला डोस पूर्ण द्यायचा, पण दुसऱ्यापासून हिशोब काटेकोर ठेवायचा.

घड्याळ

डोस ठरला, पण तो वेळेवर पोचणं ही वेगळी गोष्ट आहे. दुसरा डोस पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी द्यायचा होता. बाईंना तातडीच्या विभागातून रात्री एक वाजता वॉर्डात हलवलं. अशा हलवाहलवीत दुसरा डोस मागे पडतो: खालच्यांना वाटतं वर देतील, वरच्या कागदावर औषधाच्या वेळा सकाळपासून सुरू होतात. पहिला डोस एका तासात दिला म्हणून सगळे समाधानी असतात आणि दुसरा चार-पाच तास उशिरा जातो. इथे तातडीच्या विभागातल्या सिस्टरने पुढच्या डोसची वेळ सलाईनच्या बाटलीवरच मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. डोस साडेतीनला गेला.

वॉर्डातल्या वेळा सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ अशा ठरलेल्या होत्या. दिवसातून तीनदा या हिशोबाने त्या बरोबर वाटतात, पण रात्री आठनंतर सकाळी आठपर्यंत बारा तासांची पोकळी राहते. मेरोपेनेमसाठी ती रोजची पोकळी म्हणजे आठ तासांचा निर्णय कागदावरच राहणं. वेळा बदलून सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० अशा केल्या. खर्च काही नाही, नवं औषध नाही. अँटिबायोटिकची मात्रा सुधारण्याचा इतका सोपा उपाय दुसरा मला ठाऊक नाही, आणि तरीही तो राहून जातो.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सोनोग्राफी झाली. उजवी किडनी थोडी सुजलेली, पण लघवीचा मार्ग मोकळा, खडा नाही, वायू नाही, गळू नाही. हे बघणं मधुमेही रुग्णात आवश्यकच होतं. अडथळा असता तर कितीही चांगलं अँटिबायोटिक कितीही नेमकं दिलं तरी अडकलेली लघवी बाहेर काढल्याशिवाय ताप उतरला नसता.

चौदा तासांत रक्ताच्या दोन्ही कल्चरमध्ये वाढ दिसली: ग्राम-निगेटिव्ह दंडाणू, म्हणजे ई. कोलाय ज्यातला आहे तो जंतूंचा गट. संसर्ग रक्तात उतरलेला होता.

संध्याकाळी, चोवीस तास पूर्ण झाल्यावर, ताप पुन्हा १०१ झाला आणि घरचे घाबरले. "डॉक्टर, औषध लागू पडत नाहीये का? बदलून बघता का?" सुनेचा हा प्रश्न स्वाभाविक होता. मूत्रपिंडाच्या संसर्गात योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. रक्तदाब ११८/७० वर आला होता, नाडी ९६, लघवी चांगली होत होती, क्रिएटिनिन १.२. रुग्ण सुधारत होती, ताप फक्त मागे राहिला होता. बदल केला नाही. त्या संध्याकाळी दुसरं अँटिबायोटिक जोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी उतरलेल्या तापाचं श्रेय त्याला मिळालं असतं, आणि मग ते बंद करायचा धीर कुणाला झाला नसता.

रिपोर्टमधले सापळे

दुसऱ्या रात्री उशिरा रिपोर्ट पूर्ण झाला. ई. कोलाय, ईएसबीएल तयार करणारा, म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारा. सेफ्ट्रायॅक्सोन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन रेझिस्टंट. मेरोपेनेम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन, को-ट्रायमोक्साझोल, नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यासमोर सेन्सिटिव्ह, म्हणजे दाद देणारा.

पहिला सापळा एमआयसीच्या आकड्यांचा. मेरोपेनेमसमोर ०.२५ किंवा कमी, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसमोर ८, नायट्रोफ्युरँटोइनसमोर ३२. ज्याचा आकडा सर्वांत लहान ते औषध सर्वांत प्रभावी, असं वाचणारे अनुभवी लोकही भेटतात. हे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात. प्रत्येक औषधाची शरीरात पोचणारी पातळी वेगळी, म्हणून जंतू सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट हे ठरवणारी प्रत्येकाची सीमारेषाही वेगळी. आकडा बघायचा तो त्याच औषधाच्या सीमारेषेशी.

दुसरा सापळा नायट्रोफ्युरँटोइन आणि तोंडावाटे फॉस्फोमायसिनचा. दोन्ही सेन्सिटिव्ह, गोळी किंवा पुडी, रुग्ण घरी जाऊ शकेल. पण नायट्रोफ्युरँटोइन लघवीत साठतं. रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत त्याची पातळी उपचाराला पुरेल इतकी होतच नाही. फॉस्फोमायसिनची एक पुडी मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला चांगली, पण रक्तात उतरलेल्या जंतूला ती पुरणार नाही. प्रयोगशाळेला जंतू कुठून आला ते माहीत असतं, पण औषध तिथे पोचेल का याचं उत्तर रिपोर्ट देत नाही. ते आपण शोधायचं असतं. जळजळ सुरू झाली त्या पहिल्या दिवशी, संसर्ग मूत्राशयापुरता होता तेव्हा, हेच नायट्रोफ्युरँटोइन पाच दिवसांसाठी अगदी योग्य औषध ठरलं असतं.

तिसरा सापळा जास्त बारीक. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सेन्सिटिव्ह आहे, मग मेरोपेनेम सोडून त्यावर का येऊ नये? कार्बापेनेम वाचवण्याची ती इच्छा चांगलीच आहे. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत नेमका हाच प्रश्न तपासला गेला: रक्तात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला, सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणारा, पण पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला सेन्सिटिव्ह दिसणारा. तीस दिवसांतले मृत्यू पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम गटात १२.३ टक्के, मेरोपेनेम गटात ३.७ टक्के. काही नमुन्यांत प्रयोगशाळेची चाचणीच या औषधाच्या बाबतीत फसत होती, असं नंतरच्या तपासणीत दिसलं आणि फरक थोडा आक्रसला. तरी रक्तात जंतू असलेल्या रुग्णासाठी तो धोका घ्यायचं कारण नव्हतं. कार्बापेनेम वाचवायचं असेल तर ते लवकर थांबवून वाचवावं.

शिरेतून तोंडावाटे

४८ तासांनी क्रिएटिनिन ०.९. पुन्हा तोच हिशोब: क्लिअरन्स ५३. म्हणजे माहितीपत्रकाच्या भाषेतही आता आठ तासांचा पट्टा. पहिल्या रात्रीचे बारा तास तसेच पुढे चालू राहिले असते तर तिसऱ्या दिवशी ही बाई कमी मात्रेवर असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण ०.९ हा आकडा कागदावर कुणाला थांबायला लावत नाही. तोच आकडा साठीपुढच्या किरकोळ बांध्याच्या बाईत ५३ दाखवतो आणि पंचविशीतल्या धडधाकट तरुणात त्याच्या दुपटीहून जास्त. क्रिएटिनिन नुसतं वाचून मात्रा ठरत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप गेला, खाणं सुरू झालं. चौथ्या दिवशी सकाळी तोंडावाटे औषधावर जायचं ठरलं. रिपोर्टमध्ये रक्तापर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोचणारं, गोळीच्या रूपात मिळणारं औषध एकच उरत होतं: को-ट्रायमोक्साझोल. आतड्यातून ते जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, त्यामुळे गोळी शिरेतल्या औषधापेक्षा कमजोर असा समज इथे लावायचा नाही. क्लिअरन्स ३० च्या वर असल्याने मात्रा कमी करायची गरज नव्हती: ट्रायमेथोप्रिम १६० आणि सल्फामेथॉक्साझोल ८०० ची गोळी, दर बारा तासांनी. सल्फाची ॲलर्जी नाही हे विचारून घेतलं.

अडचण सोबतच्या औषधांची होती. ट्रायमेथोप्रिम किडनीतून पोटॅशियम बाहेर टाकणं कमी करतं, टेल्मिसार्टनही तेच करतं. दोन्ही एकत्र, वयस्कर मधुमेही रुग्णात, म्हणजे पोटॅशियम धोकादायक पातळीला जाण्याची तयारीच. को-ट्रायमोक्साझोल ग्लिमेपिराइडचा परिणामही वाढवतं आणि साखर एकाएकी खाली आणतं. त्यामुळे दोन्ही गोळ्या कोर्स संपेपर्यंत बंद ठेवल्या. रक्तदाब १२६ होता, त्यामुळे टेल्मिसार्टनची घाई नव्हती. साखरेसाठी तेवढे दिवस इन्सुलिन. गोळ्या सुरू करताना पोटॅशियम ४.३ होतं. सहाव्या दिवशी परत बोलावून तपासलं तेव्हा ४.८, क्रिएटिनिन १.१. क्रिएटिनिन वाढलं म्हणून घाबरायचं नव्हतं: ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनचं लघवीतून बाहेर पडणं थोडं अडवतं, किडनीची गाळण्याची क्षमता तीच राहते. पण पोटॅशियम ५.५ च्या पुढे गेलं असतं तर गोळी बंद करून दिवसातून एकदा द्यायचं अर्टापेनेम इंजेक्शन, हा दुसरा मार्ग आधीच लिहून ठेवला होता.

गोळ्या दिल्या आठ. एकही जास्त नाही.

सात दिवस कुठून मोजायचे

सुनेने घरी जाताना विचारलं, "चौदा दिवस द्या ना डॉक्टर. रक्तात गेलेलं होतं, पुन्हा यायला नको." ही काळजी खरी होती आणि एके काळी बहुतेक डॉक्टरांनीही चौदाच दिले असते. रक्तात जंतू असलेल्या रुग्णांत सात आणि चौदा दिवसांची तुलना करणारी बॅलन्स चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३,६०८ रुग्ण, सात देश. नव्वद दिवसांतले मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के, चौदा दिवसांच्या गटात १६.१ टक्के, म्हणजे सात दिवस कुठेही कमी पडले नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू त्या चाचणीत नव्हता, हृदयाच्या झडपांचा संसर्गही नव्हता; तिथे हा नियम लागू नाही. आपल्या रुग्णात अडथळा नाही, गळू नाही, ताप वेळेत उतरला. सात पुरेसे.

दिवस मोजायची सुरुवात जंतूला लागू पडणाऱ्या पहिल्या डोसपासून. घरी घेतलेल्या सिप्रोचे दिवस धरायचे नाहीत, कारण जंतू त्याला दाद देत नव्हता. ताप उतरल्या दिवसापासूनही मोजायचं नाही. मेरोपेनेमचे तीन आणि को-ट्रायमोक्साझोलचे चार, असे सात.

कोर्स पूर्ण करा, हा सल्ला आपण सगळे देतो. तो तेव्हाच अर्थपूर्ण असतो जेव्हा कोर्सची लांबी पुराव्यावर ठरवलेली असते. जास्तीच्या सात दिवसांत बाईंच्या आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरत राहिले असते, रेझिस्टंट जंतूंना मोकळी जागा मिळाली असती आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांचा धोका वाढला असता. सुनेला हेच सांगितलं, आणि ताप, कुशीतलं दुखणं किंवा जळजळ परत आली तर त्याच दिवशी यायचं, हेही.

सहा आठवड्यांनी

खात्री करून घ्यावी म्हणून घरच्यांनी आपणहून लघवीचं कल्चर करून आणलं. ई. कोलाय, मिलिलीटरला एक लाखाहून जास्त, पू-पेशी १५ ते २०. बाईंना ताप नाही, जळजळ नाही, काही नाही.

अँटिबायोटिक दिलं नाही. वय वाढलेल्या बायकांत, विशेषतः मधुमेहात, लक्षणांशिवाय लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे, आणि पू-पेशी सोबत असल्या तरी अर्थ बदलत नाही. मधुमेही बायकांवरची एक चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली; अशा जंतूंवर औषध देऊनही पुढचे त्रासदायक संसर्ग कमी झाले नाहीत, फक्त अँटिबायोटिकचे दिवस वाढले. उपचार करायचा तो गरोदरपणात, किंवा मूत्रमार्गावर रक्त येऊ शकेल अशी शस्त्रक्रिया ठरलेली असताना. लक्षणं नसताना हे कल्चर पाठवायलाच नको होतं, कारण रिपोर्ट हातात आला की औषध न देणं फार अवघड जातं.

तरी सहा महिन्यांत दोन संसर्ग झाले होते, हे दुर्लक्ष करण्याजोगं नव्हतं. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत मोजलं, ४० मिलिलीटर, म्हणजे ठीक. साखर आटोक्यात आणायची नवी आखणी केली. पाळी गेल्यानंतर योनीमार्गात इस्ट्रोजेनचं क्रीम लावल्याने वारंवार होणारे असे संसर्ग कमी होतात, याला चांगला पुरावा आहे, म्हणून ते सुरू केलं. टेल्मिसार्टन कोर्स संपल्यावर तीन दिवसांनी पोटॅशियम तपासून परत चालू झालं होतं, ग्लिमेपिराइड कमी मात्रेत. डिस्चार्जच्या कागदावर जंतूचं नाव, त्याचा ईएसबीएल प्रकार, कोणतं औषध किती तासांनी आणि किती दिवस दिलं, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी नाही, एवढं एका परिच्छेदात पुढच्या डॉक्टरसाठी लिहून दिलं.